पंधरा रकाने आणि आपला झाडीमुलूख



वसंत व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना इतिहास, काव्य, अर्थकारण, आरोग्य असे विषय ऐकण्याची सवय असते. त्या मानाने आम्ही आज घेतलेला विषय रूक्ष आहे. डिजिटल ग्रंथालयांत जे ग्रंथ, नकाशे, छायाचित्रे, ध्वनिफिती साठविल्या जातात, त्यांच्या नोंदी कशा कराव्यात, त्यासाठी जगाने कोणती मानके ठरविली आहेत, आणि त्या मानकांत गुण कोणते व दोष कोणते, हा तो विषय. हा प्रश्न ग्रंथपालांनी आपसांत सोडवावा, चंद्रपूरच्या उन्हाळ्यात चारचौघांना त्यासाठी कशाला बसवून ठेवावे, असे कोणाच्या मनात आल्यास नवल नाही. तथापि चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत तरी हा प्रश्न केवळ ग्रंथपालांचा राहिलेला नाही. एखाद्या गावाला जंगलावरील आपला हक्क कागदोपत्री सिद्ध करता येतो की नाही, एखाद्या बोलीचे नाव जगाच्या ज्ञानभांडारात उमटते की नाही, या गोष्टी आता एका लहानशा नोंदीवर येऊन ठेपू लागल्या आहेत. हे कसे, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम नोंद म्हणजे काय ते पाहू. गावच्या वाचनालयात नवे पुस्तक आले की दाखल नोंदवहीत त्याचा क्रमांक पडतो. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, साल, किंमत असे रकाने भरले जातात. हे रकाने म्हणजे पुस्तक नव्हे. पुस्तकाविषयीची माहिती होय. यालाच आता सर्वत्र 'मेटाडेटा' म्हणतात. शब्द नवा आहे, वस्तू जुनी आहे. मराठीत या विद्येची परंपराही लहान नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची १९४३ साली प्रसिद्ध केली आणि पुढील, म्हणजे १९५० पर्यंतच्या ग्रंथांचा दुसरा भाग १९६१ साली. संगणकाचे नावही आपल्याकडे कोणी घेत नव्हते त्या काळात एका माणसाच्या चिकाटीने झालेले हे काम आहे. आजही मराठीतील एखादे जुने पुस्तक खरोखर निघाले होते की नाही, अशी शंका आली म्हणजे अभ्यासक दात्यांच्या सूचीकडेच वळतो. पुस्तक नष्ट झाले तरी त्याची नोंद उरते, आणि नोंद उरली म्हणजे शोध घेण्यास जागा उरते.

आता मानक कशासाठी? याचे उत्तर आपल्या जंगलातच आहे. तेंदूच्या हंगामात एका पुड्यात किती पाने बांधावयाची हे ठरलेले असते, आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी धरतात. या ठरावामुळे दूरच्या गावचा विडी कारखानदार आमच्याकडचा माल न पाहताही त्याचा हिशेब करू शकतो. मजुराला आपली मजुरी मोजता येते. सरकारला आपला वाटा मोजता येतो. प्रत्येक गावाने आपल्या मर्जीने पुडा बांधला असता तर हा व्यवहारच झाला नसता. हा मानकाचा गुण. परंतु पुड्यातील पाने संख्येने बरोबर असली तरी ती कोवळी आहेत की जून, अखंड आहेत की किडलेली, हे संख्या सांगत नाही. हा मानकाचा दोष म्हणा, मर्यादा म्हणा. ग्रंथांच्या नोंदींविषयी आम्हांला जे सांगावयाचे आहे त्याचे बीज एवढ्यातच आहे.

ग्रंथालयांच्या जगात यंत्राला वाचता येईल असे पहिले मोठे मानक अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात तयार झाले. १९६० नंतरच्या दशकात हेन्रिएट अॅव्हरम या विदुषीच्या पुढारपणाखाली ते आकारास आले, आणि 'मार्क' या नावाने जगभर पसरले. त्यात प्रत्येक गोष्टीला आकडा दिलेला आहे. २४५ म्हणजे ग्रंथाचे शीर्षक, १०० म्हणजे मुख्य लेखक, ६५० म्हणजे विषय. ग्रंथ मूळ कोणत्या लिपीत छापला आहे, त्या लिपीतच त्याचे शीर्षक नोंदविण्यासाठीही ८८० हा स्वतंत्र रकाना आहे. अर्थात, देवनागरीची सोय या मानकात नाही असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. सोय आहे, ती वापरणारा हात पाहिजे. मार्कचा गुण त्याच्या बारकाव्यात आहे आणि दोषही तेथेच आहे. ते नीट भरण्यास शिकलेला, सरावलेला माणूस लागतो. आणि तालुक्याच्या वाचनालयात असा माणूस सहसा नसतो.

पुढे इंटरनेटचा प्रसार झाला, आणि ग्रंथपाल नसलेली माणसेही ग्रंथ, चित्रे, लेख साठवू लागली. त्यांच्यासाठी काहीतरी सोपे हवे होते. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातील डब्लिन या गावी ग्रंथपाल आणि संगणकशास्त्रज्ञ एकत्र बसले, आणि त्या बैठकीतून जे मानक उदयास आले त्याला त्या गावावरून 'डब्लिन कोअर' असे नाव पडले. त्याचे रकाने अवघे पंधरा: शीर्षक, कर्ता, विषय, वर्णन, प्रकाशक, सहकर्ता, दिनांक, प्रकार, स्वरूप, ओळखक्रमांक, मूळ आधार, भाषा, संबंध, व्याप्ती आणि हक्क. यांतला कोणताही रकाना रिकामा ठेवता येतो आणि कोणताही दोनदा-तीनदा भरता येतो. २००३ साली त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याआधी २००१ साली एका ग्रंथालयाच्या नोंदी दुसऱ्याने आपोआप गोळा करण्याची एक पद्धतही ठरली, आणि तीत सहभागी होणाऱ्या प्रत्येकाने निदान या पंधरा रकान्यांत तरी आपल्या नोंदी द्याव्यात असा नियम झाला. म्हणूनच आज खरगपूरच्या आय. आय. टी. ने चालविलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात बसल्या जागी अनेक संस्थांचे संग्रह एकदम धुंडाळता येतात.

हा लाभ सामान्य नव्हे. पूर्वी चांद्याविषयी काही वाचावयाचे तर नागपूर, मुंबई किंवा लंडन गाठावे लागे. आज मेजर ल्युसी स्मिथ याचा १८६९ चा चांदा जिल्ह्याचा जमाबंदी अहवाल, १९०९ चे चांदा जिल्ह्याचे गॅझेटिअर, मार्कंड्याच्या आणि भांदकच्या प्राचीन अवशेषांचे कनिंगहॅमने केलेले वर्णन, हे सारे घरबसल्या पाहण्याची सोय झाली आहे. ग्रंथ यंत्रात शिरले म्हणून एवढ्यानेच हे घडले नाही. कोणीतरी त्यांची नोंद ठरलेल्या रकान्यांत केली म्हणून घडले. मानकांचा दुसरा गुण असा की ती कोणत्याही एका यंत्राशी बांधलेली नसतात. यंत्रे बदलतात, कंपन्या बुडतात, संकेतस्थळे बंद पडतात. परंतु नोंद मानकाप्रमाणे केलेली असेल तर ती एका घरातून उचलून दुसऱ्या घरात नेता येते.

इतके गुण सांगितल्यावर आता दोषांकडे वळू. आम्ही ते हवेतून आणणार नाही. आपल्या दोन जिल्ह्यांच्या कसोटीवरच हे रकाने घासून पाहू.

पहिला रकाना घ्या 'व्याप्ती'चा, म्हणजे ग्रंथ कोणत्या स्थळाविषयी आहे त्याचा. वैनगंगेच्या काठचे मार्कंडा हे गाव आपण सर्वांनी पाहिलेले आहे. देऊळ जेथे होते तेथेच आहे. परंतु त्याचा पत्ता किती वेळा बदलला पाहा. कनिंगहॅम आला तेव्हा ते मध्य प्रांतातील चांदा जिल्ह्यात होते. १९५० नंतर मध्य प्रदेशात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. नंतर चांद्याचे चंद्रपूर झाले. आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा निराळा जिल्हा झाल्यावर ते गडचिरोली जिल्ह्यात गेले. नोंद करणाऱ्याने प्रत्येक वेळी पुस्तकावर छापलेले नाव इमानाने उतरून घेतले, असे समजू. तरी परिणाम काय? एकाच देवळाविषयीची पुस्तके चार राज्यांच्या आणि तीन जिल्हानामांच्या खाली विखुरली गेली. आज 'गडचिरोली' एवढाच शब्द टाकून शोधणाऱ्या विद्यार्थ्याला १९८२ पूर्वीचे जवळजवळ काहीच दिसत नाही, आणि त्याची समजूत होते की या मुलखाविषयी कोणी काही लिहिलेच नाही. उलट 'चांदा' म्हणून शोधावे तर नेवासे तालुक्यातील चांदाही पुढे येऊन उभे राहते. रकाना भरलेला आहे, मानक पाळलेले आहे, आणि तरीही पुस्तक हरवलेले आहे!

यात रोमन लिपीची भर पडते. वैरागड, वरोरा, वैनगंगा यांतील 'व' कोणी डब्ल्यूने लिहितो, कोणी व्हीने. काँग्रेस ग्रंथालयाची जी काटेकोर लिप्यंतरपद्धती आहे तिच्यात 'च' साठी एकटा सी वापरतात, आणि अंत्य अक्षरातील न उच्चारला जाणारा 'अ' ही लिहितात; 'प्रकाशन' हा शब्द तेथे 'प्रकाशना' सारखा दिसतो. ही पद्धती शास्त्रीय आहे यात शंका नाही. परंतु 'चंद्रपूर' हा शब्द सी आणि एचने लिहिण्याची सवय झालेल्या आमच्या तरुणाला मराठी शीर्षकातला तो शब्द तेथे कसा सापडावा? काटेकोरपणाची ही गोष्ट झाली. स्वैरपणाची त्याहून वाईट. या शतकाच्या आरंभी बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठ यांच्या सहकार्यातून 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' हा प्रचंड उपक्रम उभा राहिला. लक्षावधी पुस्तकांची पाने त्यात उतरविली गेली; मराठी वाचकावर त्याचे ऋण आहे. परंतु पाने उतरविण्याचा जो वेग होता त्या मानाने नोंदींची काळजी झाली नाही. मराठी पुस्तकांची नावे मनाला येईल त्या रोमन वळणाने लिहिली गेली. लेखकाच्या जागी पुष्कळदा 'उपलब्ध नाही' असा शेरा पडला. मूळ संकेतस्थळ पुढे बंद पडले. पुस्तकांच्या प्रती इंटरनेट आर्काइव्ह या संग्रहात गेल्या हे आपले भाग्य, पण त्यांच्यासोबत त्या नोंदीही तशाच गेल्या. डब्लिन कोअरचे रकाने तेथेही होते. मानक असले म्हणजे काम चोख होते, ही समजूत किती भाबडी आहे हे यावरून दिसेल.

'दिनांक' हा रकाना तर वरवर अगदी निरुपद्रवी. पण जुन्या मराठी पुस्तकांवर शके छापलेले असे. शके १८२२ म्हणजे इसवी सन १९००. नोंद करणाऱ्याने नुसते १८२२ लिहिले, तर पुस्तक अठ्ठ्याहत्तर वर्षे म्हातारे झाले! शिवाय १९०९ सालचे गॅझेटिअर २००५ साली यंत्रात उतरवून २०१७ साली संकेतस्थळावर ठेवले, तर त्याचा दिनांक कोणता? पंधरा रकान्यांच्या साध्या पद्धतीत हे तिन्ही एकाच शब्दाखाली बसतात. वाचकाला मग १९०९ चा ग्रंथ 'ताजा' म्हणून दाखविला जातो.

आता भाषेकडे येऊ. हा आपल्या जिवाचा प्रश्न आहे. आपल्या दोन जिल्ह्यांत मराठी आहे, झाडीबोली आहे, गोंडी आहे, माडिया आहे. सिरोंचाकडे तेलुगू आहे, आणि निर्वासितांच्या वसाहतींमुळे बंगालीही आहे. जगातील भाषांना तीन-तीन अक्षरांचे संकेत देणारे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या जुन्या, आखूड यादीत साऱ्या गोंडीला मिळून एकच संकेत होता. पुढे विस्तृत यादी झाली, आणि तिच्यात तर आता 'अहेरी गोंडी' आणि 'आदिलाबाद गोंडी' असे निरनिराळे संकेत आहेत. आमच्या अहेरीचे नाव जगाच्या भाषासूचीत आहे, ही गोष्ट अहेरीतही किती जणांना ठाऊक असेल? माडियाची नोंद तेथे 'मारिया (भारत)' अशी आहे; कंसात भारत लिहावे लागले, कारण पापुआ न्यू गिनीतही मारिया नावाची एक भाषा आहे. येथे मानकाची दोन्ही अंगे एकदम दिसतात. आमच्या बोलीला स्वतःची ओळख मिळाली, हा गुण. परंतु जी ओळख मिळाली ती बोलणाऱ्याच्या तोंडच्या नावाने नाही, आणि नोंद करणारा बहुधा जुना आखूड संकेतच वापरतो, हा दोष. झाडीबोलीतील पुस्तक, झाडीपट्टीच्या रंगभूमीवरचे नाटक, ही व्यवहारात 'मराठी' या मोठ्या खणात जाऊन बसतात, आणि वडसा देसाईगंजची नाट्यपरंपरा शोधणाऱ्याला पुण्यामुंबईच्या नाटकांचा ढिगारा उपसावा लागतो.

भाषेबरोबर लिपी. गोंडी देवनागरीत लिहिली जाते, तेलुगू लिपीत लिहिली जाते. मुनशी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली तयार केलेली लिपी आहे, आणि आदिलाबादकडील गुंजाळा गावी सापडलेल्या हस्तलिखितांची लिपी आहे. या शेवटच्या दोन लिपींना युनिकोडमध्ये अनुक्रमे २०१७ आणि २०१८ साली स्थान मिळाले. मोडीला २०१४ साली मिळाले होते. अर्थात, संगणकावर आता अडचण नाही. पण नोंदीत नुसते 'गोंडी' किंवा नुसते 'मराठी' लिहिले, तर कागद कोणत्या लिपीत आहे हे कळत नाही. भोसलेकालीन मोडी कागद मराठी म्हणून मागविणाऱ्याला तो हाती आल्यावर वाचताच येत नाही.

आणि 'कर्ता' कोण? ग्रंथाला लेखक असतो, हे गृहीत धरून हा रकाना आखलेला आहे. गावातील आजीने म्हटलेल्या रेल्याच्या गाण्याचा कर्ता कोण? आजी, तिचे गाव, ध्वनिमुद्रण करणारा प्राध्यापक, की ती फीत संकेतस्थळावर चढविणारा कारकून? शेजारच्या आदिलाबादेतील राजगोंडांमध्ये राहून हैमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञाने अनेक छायाचित्रे घेतली. ती लंडन विद्यापीठाच्या 'सोआस' या संस्थेने आता डिजिटल रूपात उपलब्ध केली आहेत. असे काम मोलाचे आहे. परंतु नोंदीच्या रूढ पद्धतीत चित्र घेणाऱ्याला 'कर्ता' हा मानाचा रकाना मिळतो, आणि ज्याचे चित्र तो फार तर 'विषय' होतो. शब्द साधे आहेत, पण त्यांत कोण पाहणारा आणि कोण पाहिला जाणारा, याचा निवाडा होऊन गेलेला असतो.

येथवरचे दोष विद्वानांच्या गैरसोयीचे आहेत असे कोणी म्हणेल. म्हणून आता हक्काची गोष्ट सांगतो. २००६ साली वनहक्क कायदा झाला. आपल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, हे सर्वश्रुत आहे. या कायद्याखालील तेराव्या नियमात दाव्यासाठी कोणते पुरावे ग्राह्य मानावेत ते सांगितले आहे. त्यांत गॅझेटिअर आहे, जनगणना आहे, सर्वेक्षण आणि जमाबंदीचे अहवाल आहेत, नकाशे आहेत, वनखात्याच्या कार्य आयोजना आहेत. आणि वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदनही आहे. आदिवासी नसलेल्या वननिवासींना तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. पंचाहत्तर वर्षे मागे जावयाचे म्हणजे १९३० च्या मागे जावयाचे. म्हणजे चांदा जिल्ह्याच्या, मध्य प्रांताच्या, रोमन लिपीतील वेड्यावाकड्या स्पेलिंगच्या कागदांत शिरावयाचे. ग्रामसभेचा चिटणीस आपल्या गावाचे आजचे नाव टाकून शोधतो आणि हात हलवीत परततो. कागद आहे, तो सर्वांना मोफत खुला आहे, नियम त्याला पुरावा मानतो. केवळ नोंद नीट नाही म्हणून तो गावाच्या उपयोगी पडत नाही! ग्रंथ जाळून टाकणे आणि ग्रंथ सापडू न देणे, यांत गावाच्या दृष्टीने फरक तो काय राहिला?

यावर आजकाल एक उत्तर ठरलेले असते. 'यंत्र आता छापील पान स्वतः वाचते, हवा तो शब्द शोधून देते. मग या रकान्यांची कटकट हवी कशाला?' या म्हणण्यात तथ्य आहे, आणि यंत्राची मदत जरूर घ्यावी. परंतु यंत्र जे पानावर आहे तेच वाचणार. १९०९ च्या पानावर 'गडचिरोली जिल्हा' हे शब्दच नाहीत. नकाशावर अक्षरे थोडी, छायाचित्रावर ती मुळीच नाहीत, आणि गाण्याच्या फितीत माडिया ऐकू येते. हस्तलिखित मोडी वाचताना तर शिकलेली माणसेही अडखळतात. आणि यंत्राने अंदाजाने नोंद केली तरी वैरागड कोणते आणि चांदा कोणते, हे तपासून सांगणारा माणूस त्याच मुलखातला लागतो.

दुसरे उत्तर याच्या उलट टोकाचे असते: परदेशी मानके नकोत, आपले आपण काहीतरी करू. हेही आम्हांला मान्य नाही. प्रत्येक गावाने आपला पुडा निराळा बांधला तर आपली पाने आपल्याच घरी वाळतील. मानक सोडणे हा उपाय नव्हे. मानकाच्या चौकटीत आपली माहिती भरणे हा उपाय आहे. डब्लिन कोअरचा कोणताही रकाना पुन्हा पुन्हा भरता येतो, ही सवलत आपल्यासारख्यांसाठीच आहे असे समजावे. मार्कंड्याच्या ग्रंथाला 'चांदा' हेही लिहा, 'चंद्रपूर' हेही लिहा, 'गडचिरोली' हेही लिहा. आणि नवल असे की ही विद्या आपल्या लोकांना उपजत अवगत आहे. मेंढा नावाची गावे अनेक. म्हणून लोकांनीच शेजारच्या लेखा गावाचे नाव जोडून मेंढा (लेखा) असे म्हणावयास सुरुवात केली. पापुआतील मारियापासून आपली मारिया वेगळी करण्यासाठी जगाच्या विद्वानांनी जे केले तेच हे!

तेव्हा करावयाचे काय? आमच्या मते पाच गोष्टी. पहिली, दोन्ही जिल्ह्यांतील गावांची एक नामसूची करावी: आजचे नाव, बोलीतले नाव, जुन्या इंग्रजी कागदांतील सारी स्पेलिंगे, पूर्वीचा जिल्हा व तालुका, आणि शेजारी २०११ च्या जनगणनेतील गावाचा क्रमांक. नाव बदलले तरी जुन्या-नव्या नावांना एकत्र बांधणारा दोरा असा क्रमांकच होऊ शकतो. दुसरी, भाषेच्या रकान्यात संकेतही लिहावा आणि बोलणारा आपल्या भाषेला जे म्हणतो ते नावही. लिपी वेगळी लिहावी. तिसरी, पुस्तकावरील शके जसेच्या तसे ठेवून त्यापुढे इसवी सन द्यावा, आणि छापल्याचा दिनांक व यंत्रात उतरविल्याचा दिनांक यांची गल्लत करू नये. चौथी, गाणाऱ्याचे, सांगणाऱ्याचे आणि गावाचे नाव नोंदल्याशिवाय ध्वनिफीत संग्रहात घेऊ नये. पाचवी, नोंद कोणी व केव्हा केली हे लिहावे, म्हणजे ती सुधारता येते.

चौथ्या गोष्टीला एक पुरवणी जोडणे आवश्यक आहे. सर्वच माहिती सर्वांना सापडावी, असेही नाही. औषधी वनस्पती नेमकी कोणत्या डोंगरावर आहे, एखादे गीत कोणत्या विधीच्या वेळीच म्हणावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार त्या गावाचा आहे. वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात जैवविविधतेशी आणि सांस्कृतिक विविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावरील सामूहिक हक्क मान्य केलेला आहे. पंधरा रकान्यांतील शेवटचा 'हक्क' हा रकाना आपल्याकडे बहुधा रिकामा राहतो. तो आपण सर्वांत आधी भरला पाहिजे. ऑस्ट्रेलियातील वारुमुंगू या आदिवासी समाजाच्या सहकार्याने 'मुकुर्तू' नावाची एक डिजिटल व्यवस्था तयार झाली आहे. तीत कोणती वस्तू समाजातील कोणाला दिसावी आणि बाहेरच्याला कितपत दिसावी, हे समाजच ठरवितो. त्यांना जे जमले ते आपल्या ग्रामसभांना का जमू नये?

हे काम करणार कोण, असा प्रश्न उरतो. यास फार मोठ्या निधीची गरज नाही. २०११ साली गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आहे; दोन्ही जिल्ह्यांत महाविद्यालये आहेत, सार्वजनिक वाचनालये आहेत, माडिया आणि गोंडी बोलणारे पदवीधर आहेत. एका महाविद्यालयाने एका तालुक्याची नामसूची घेतली, एका वाचनालयाने आपल्या मुलखाविषयीच्या शंभर पुस्तकांच्या नोंदी दुरुस्त केल्या, तरी काम मार्गी लागेल. दात्यांच्या हाताशी यंत्र नव्हते. आपल्या हाताशी यंत्र आहे, फक्त दात्यांची चिकाटी हवी.

आपला मुलूख मागासलेला आहे असे ऐकण्याची आपल्याला सवय झाली आहे. या मुलखाविषयी लिहिले फार गेले आहे. शिवाय ते लिहिलेले आता यंत्रात चढलेही आहे. मात्र त्यावर कोणाचे नाव घालावयाचे हे दूरच्या माणसांनी ठरविले, कारण आपण ते ठरविण्यास पुढे झालो नाही. पंधरा रकाने जगाने आखून दिले आहेत. ते भरण्यासाठी लागणारी माहिती डब्लिन गावात नाही, वॉशिंग्टनात नाही, खरगपुरातही नाही. ती आपल्या गावांत आहे, आणि ज्या वृद्धांना ती आहे त्यांची संख्या दरवर्षी घटते आहे. तेव्हा या उन्हाळ्याच्या सुटीतच कोणीतरी वही आणि पेन्सिल घेऊन आपल्या गावाच्या सगळ्या नावांची यादी करावयास बसावे, एवढीच आमची आपणांस विनंती आहे.